थंडीत ट्रॅक्टर गार राहू देऊ नका


गाळप हंगाम ऐन थंडीत येतो. पिंपळवंडी, आळे, नारायणगाव भागात पहाटे हात बधिर होतात आणि त्याच वेळी ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर सुरू होतात. इंजिन तापू नये म्हणून सगळे जपतात. ते गार राहिले तरी नुकसान होते, हे मात्र ध्यानात येत नाही.

उन्हाळ्यात इंजिन तापले की काही मिस्त्री थर्मोस्टॅटच काढून टाकतात. थंडीत तेच नडते. थर्मोस्टॅट ही मेणावर चालणारी झडप. पाणी साधारण ८० अंश तापेपर्यंत ती रेडिएटरची वाट बंद ठेवते. ती नसली की इंजिन गारच राहते, डिझेल पुरते जळत नाही, लायनरवरचे ऑईल धुऊन खाली ऑईलमध्ये उतरते. रिंगा, लायनर झिजतात. स्वयंचलित गिअरच्या पुष्कळ मोटारींत गिअरचे ऑईलही रेडिएटरमधून फिरते. तिथे वरचा गिअर उशिरा पडतो.

ट्रॅक्टरचे गिअर ऑईल कामानेच तापते. तेव्हा क्लच दाबून स्टार्टर मारा, म्हणजे घट्ट ऑईलातले गिअर त्याला ओढावे लागत नाहीत. चार-पाच मिनिटे चालू ठेवा, मग थोडे अंतर खालच्या गिअरमध्ये न्या.

रेडिएटरवर पोते टाकायचे तर अर्धेच, आणि उष्णतेचा काटा चढताच काढा. खाली जाळ तर मुळीच नको. थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्यात टांगून तापवून पाहा. गार असतानाच उघडा दिसला किंवा उकळत्या पाण्यातही उघडला नाही, तर बदला. ट्रॅक्टर वाटेत बंद पडला तर तोडलेला ऊस ट्रेलरमध्येच वाळतो, आणि वजनकाट्यावर घट येते ती तुमचीच.