झाडीपट्टीत आवाज का फाटतो?

धान कापून झालं, भाऊबीज उलटली की चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंडळ्यांची कार्यालयं वडशाला, म्हणजे देसाईगंजला. तिथे तारखा ठरतात आणि सिंदेवाही, नागभीड, आरमोरी, कुरखेड्याकडच्या गावांत रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. इथले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांचं इकडे लक्ष गेलं. नटांबद्दल, नाटकांबद्दल लिहिलं जातं; पण हजारोंच्या गर्दीत शेवटच्या रांगेपर्यंत संवाद पोचवतं ते मशीन, म्हणजे अँप्लिफायर. त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही.

आवाज फाटतो म्हणजे आत गेलेल्या लहरीचा आकार बाहेर पडताना बिघडतो. २०० हर्ट्झचा शुद्ध सूर दिला, तर बाहेर त्याच्यासोबत ४००, ६००, ८००, १००० हर्ट्झचेही सूर येतात. २०० ला षड्ज धरला तर ४०० हा तार षड्ज, ६०० त्याच्यावरचा पंचम, १००० आणखी वरचा शुद्ध गांधार. हे सुरातले पाहुणे. थोडे आले तर कान खपवून घेतो. सातपट कंपनांचा मात्र, १४०० चा, कोमल निषादाहूनही उतरलेला, आणि त्याच्या पुढचेही बरेच खटकणारे. याहून वाईट म्हणजे दोन सूर एकत्र आले की होणारी भेसळ. ऑर्गनचा ४४० आणि गायकाचा ५०० मिळून मशीन ६० आणि ९४० हर्ट्झही काढतं. त्यांचं चालू रागाशी काही नातं नसतं. संवादात त, थ, स, श ही मुळातच हलकी व्यंजनं या कचऱ्याखाली दबतात. आवाज मोठा येतो, शब्द कळत नाही.

यावरचा तोडगा टेलिफोनवाल्यांनी शोधला. लांबच्या लाइनवर एकामागून एक अँप्लिफायर असत आणि प्रत्येकाचा बिघाड पुढच्यात साठत जाई. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी बेल लॅबचे हॅरॉल्ड ब्लॅक हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून कामावर निघाले होते. उत्तर सुचलं ते त्यांनी हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच मांडलं. बाहेर आलेल्या आवाजाचा छोटा अंश उलटा करून पुन्हा आत द्यायचा; मूळ आवाजाशी जो फरक पडेल तो मशीन स्वतःच भरून काढतं. हाच निगेटिव्ह फीडबॅक. मशीनची वाढ १०,००० पट असेल आणि आपण फीडबॅक देऊन ती ५० वर आणली, तर २०० पट ताकद दुरुस्तीला मिळते. २ टक्के बिघाड ०.०१ टक्क्यावर येतो. आतल्या भागांची ताकद निम्मी झाली तरी बाहेरची वाढ ५० वरून जेमतेम ४९.७५ होते. ही कल्पना इतकी उलटी वाटली की पेटंट हाती यायला डिसेंबर १९३७ उजाडला. विसाव्या शतकातल्या इलेक्ट्रॉनिक्समधली ही सर्वांत मोठी कल्पना, असं मी मानतो.

रंगमंचावर टांगलेला माईक शिट्टी मारतो तेव्हाही असाच फेरा असतो, फक्त तिथे परत आलेला आवाज मूळ आवाजाला मारक न होता पूरक होतो. अँप्लिफायरच्या आतही अतिउच्च कंपनांना उशीर होऊन फीडबॅक असाच उलटू शकतो. तो कधी उलटेल याचा हिशेब हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये मांडला.

आता खलनायक ओरडत मंचावर येतो. साउंडवाल्याची बोटं बटणाकडे जातात, मशीनवरचा लाल दिवा लुकलुकतो. आत पुरवठा ४० व्होल्टचा असेल तर लहर ४० च्या वर जाऊच शकत नाही. तिचं टोक सपाट छाटलं जातं. जनरेटरचा दाब खाली आला असेल तर त्याआधीच. इथे फीडबॅक काही करू शकत नाही. उलट फरक भरून काढायला तो मशीनला आणखी रेटतो आणि छाटलेला कोपरा जास्त धारदार होतो. बोलण्यातली टोकं सरासरीच्या १० डेसिबल वर सहज जातात, म्हणजे दहापट ताकद. सरासरी ५० वॅट लागत असतील तर ५०० वॅटचं मशीन हवं. माहितीपत्रकावरचा ०.०१ हा आकडा या मर्यादेच्या आतला असतो, म्हणून मी मशीन त्या आकड्यावर जोखत नाही.

हलक्या आवाजाची अडचण वेगळी. लहरीचा वरचा अर्धा एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा दुसरा. दोघांना जागं ठेवणारा छोटा प्रवाह, म्हणजे बायस, कमी पडला तर सूत्रं हाती देताना मध्ये खाच पडते. नायिकेच्या हुंदक्याची लहर लहान, खाच तेवढीच. म्हणून नेमका हुंदकाच खरखरतो. जुन्या मशीनचा बायस हंगामाआधी तपासून घ्यावा, हे मी कळकळीने सांगतो.

आणि भोंगा तर फीडबॅकच्या फेऱ्याबाहेरच. त्याच्या अरुंद गळ्यात हवा इतकी दाबली जाते की हवाच लहरीचा आकार बिघडवते. अँप्लिफायर कितीही शुद्ध असो. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो, भोंग्याच्या गळ्यातला बिघाड मात्र वाढतच जातो. म्हणून मंचाशेजारी दोन भोंगे ओरडवण्याऐवजी मंडपात मागपर्यंत चार-सहा स्पीकर बेताने चालवावेत.