विमान न घेणाऱ्यांचे दोन पक्ष

मोटारसायकलवाला आपल्या कंपनीची बाजू घेतो, त्याचं कारण समजण्यासारखं असतं. त्याने पदरचे पैसे मोजलेले असतात आणि आपण फसलो नाही हे त्याला स्वतःलाच अधूनमधून पटवून द्यावं लागतं. विमानाला हा हिशेब लागू पडत नाही. तिकीट काढणारा भाडं बघतो, वेळ बघतो, सामान किती चालेल ते बघतो. विमान कुणी बनवलं हे बहुतेकांना उतरल्यावरही ठाऊक नसतं. तरी विमानांचं वेड असलेल्यांमध्ये एअरबसवाले आणि बोइंगवाले असे दोन तट पडलेले आहेत आणि ते कडवे आहेत. या दोन्ही कंपन्यांकडून ज्यांनी कधी एक खिळाही विकत घेतला नाही, अशी माणसं एकमेकांचे दोष वर्षानुवर्षं मोजत बसतात. माझं म्हणणं असं, की ही बाजू विमानं पारखून ठरत नाही. आपल्या वाट्याच्या आकाशात कोणती विमान कंपनी होती, यावरून ती आधीच ठरून जाते, आणि मैदानात दोनच गडी उरल्यामुळे टिकते. पारख नंतर येते, आणि पुष्कळदा ती बाजू सांभाळण्यासाठीच कमावलेली असते.

हे तपासायला मुंबई-दिल्लीपेक्षा बालाघाटसारखा जिल्हा बरा. बालाघाट शहरातून प्रवासी विमान सुटत नाही. बैहर तालुक्यात बिरव्याला धावपट्टी आहे, पण वेळापत्रकाची विमानसेवा तिथे नाही. १९५६ पर्यंत ज्या नागपूरला राजधानी म्हणून या जिल्ह्याची कामं जात, त्याच दिशेला आजही विमानासाठी जावं लागतं: एक तर थेट नागपूर, नाहीतर गोंदियाजवळची बिरसी. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली. आज तिथे वैमानिक घडवले जातात, आणि सरावाची डायमंड डीए-४० ही ऑस्ट्रियन घराण्याची छोटी विमानं बालाघाटच्या हद्दीतही येतात. मार्च २०२३ मध्ये त्यांतलं एक जिल्ह्यातल्या लांजीकडच्या डोंगराळ जंगलात कोसळलं आणि दोन जीव गेले. प्रवासी सेवा म्हणाल तर मार्च २०२२ मध्ये फ्लायबिगने सुरू केली, ती बंद पडली, आणि १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगो आली. दोघींची विमानं एटीआर-७२. म्हणजे या पट्ट्यातल्या माणसाला रंग, चाकं आणि पंखे दिसतील इतक्या जवळून भेटणारी विमानं मुख्यतः दोन, डायमंड आणि एटीआर. बोइंग आणि एअरबस दिसतात त्या दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पांढरी रेघ ओढत जाताना, आणि आता फोनवरच्या फ्लाइटरडारमुळे त्या रेघेचं नाव-गावही कळतं. असं असून डायमंडचा किंवा एटीआरचा झेंडा खांद्यावर घेतलेला पक्ष ऐकिवात नाही. गंमत म्हणजे एटीआर या कंपनीत निम्मी मालकी एअरबसचीच आहे, उरलेली इटलीच्या लिओनार्दोची. पण कुठलाही एअरबसवाला एटीआरला आपल्या घरातलं मानत नाही. जवळीक असून बाजू नाही आणि दुरावा असून बाजू आहे, असं हे उलटं चित्र आहे.

याचा पहिला उलगडा इतिहासात सापडतो. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्या बदलत आणि परत जात. ती विमानं होती डाकोटा, महायुद्धानंतर उरलेली. पुढे इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात व्हायकाउंट आली, फॉकर फ्रेंडशिप आली, फ्रेंच कॅराव्हेल आली, कानपुरात बांधलेली ॲव्हरो आली. अमेरिका, इंग्लंड, हॉलंड, फ्रान्स अशा चार देशांच्या रचना एका कंपनीच्या ताफ्यात नांदत होत्या. त्या पिढीने विमानांवर प्रेम केलं नाही असं नाही, पण ते प्रेम विमानाच्या नावावर होतं. व्हायकाउंटच्या मोठाल्या लंबगोल खिडक्यांचं कौतुक होई. ती व्हिकर्सने बनवली म्हणून व्हिकर्सचा कैवार कुणी घेत नसे. सहा-सात स्पर्धक असले की आवडीनिवडी होतात, तट पडत नाहीत. बोइंगची स्थापना १९१६ ची, एअरबसची १९७० ची. हळूहळू बाकीचे एकेक करून संपले किंवा गिळले गेले, आणि १९९७ मध्ये बोइंगने मॅकडोनेल डग्लसही पोटात घेतल्यावर मोठ्या जेट विमानांच्या बाजारात दोनच नावं उरली. मराठी रसिकाला याची चव निराळी सांगायला नको. नाटक मंडळ्या पुष्कळ होत्या, पण खरी दुफळी पडली ती गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श यांच्यात. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले ‘संयुक्त मानापमान’साठी एका रंगमंचावर उभे राहिले. हेतू टिळक स्वराज्य फंडासाठी पैसा उभा करण्याचा होता; शंभर वर्षांनंतरही त्या प्रयोगाची गोष्ट निघाली की शेवटी कोण सरस ठरला इथेच येऊन थांबते.

दोनच उरले, म्हणून दोन तट पडले, हे झालं. पण कोण कोणत्या तटात? इथे भारताची गोष्ट युरोप-अमेरिकेहून वेगळी होते. तिकडे स्वदेशाचा अभिमान हे सरळ कारण पुढे करता येतं. नागपूर-गोंदियाच्या माणसाला एअरबसचं तूलूझ आणि बोइंगचं सिएटल सारखेच परके. त्याची बाजू विमान कंपनीच्या मार्गाने आली आहे. एअर इंडियाने १९६० मध्ये बोइंग ७०७ आणलं, १९७१ मध्ये ७४७, आणि ‘महाराजा’ म्हणजे बोइंग हे समीकरण घट्ट झालं. इंडियन एअरलाइन्सने १९७६ मध्ये एअरबस ए३०० घेतलं आणि १९८९ मध्ये ए३२०. मग जेट एअरवेज आणि स्पाइसजेट बोइंग ७३७ ची, किंगफिशर आणि इंडिगो एअरबसची, आणि २०२२ मध्ये आलेली अकासा पुन्हा ७३७ ची. ज्याला जेटचा निळा-पिवळा रंग आवडला तो बोइंगवाला झाला. ज्याचा पहिला प्रवास इंडिगोचा, तो एअरबसवाला. ही समीकरणं किती कच्ची आहेत तेही बघा. इंडियन एअरलाइन्सकडे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून ७३७ होतीच, आणि एअर इंडियाने ऐंशीच्या दशकात एअरबसची ए३०० आणि ए३१० उडवली. आठवणीने हे अपवाद गाळले, कारण बाजूला सरळ रेघ लागते.

बाजू विमान कंपनीतून येते याचा सर्वांत ठसठशीत पुरावा हौशी लोकांचा नाही, तो वैमानिकांचा आहे. २००५-०६ मध्ये सरकारच्याच दोन कंपन्यांनी मिळून १११ विमानांची खरेदी ठरवली: एअर इंडियाने बोइंगची ६८, इंडियन एअरलाइन्सने एअरबसची ४३. लगोलग २००७ मध्ये दोघींचं विलीनीकरण झालं. कागद एक झाले, माणसं झाली नाहीत. पदोन्नती आणि वेतनाचा गुंता सोडवायला न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली. आणि मे २०१२ मध्ये मूळच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी संप केला तो मुख्यतः याच कारणाने, की नव्या बोइंग ७८७ चं प्रशिक्षण मूळच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही देण्याचं ठरलं होतं. संप ५८ दिवस चालला. यात विमानाच्या गुणदोषांचा वाद औषधालाही नव्हता. ७८७ चांगलं आहे यावर दोन्ही गटांचं एकमत होतं. भांडण होतं ते त्यात आधी कोण बसणार याचं. वैमानिकाच्या बाजूला पगार, ज्येष्ठता आणि लाखोंच्या खर्चाचं प्रशिक्षण चिकटलेलं असतं. हौशी माणसाने तीच बाजू उचलली, फक्त तिच्यामागचा पगार वगळून.

यावर जाणकार चिडून म्हणतील, की दोन विमानांत खरे फरक आहेत आणि तुम्ही ते झाकताय. फरक आहेत, आणि ते मोठे आहेत. ए३२० हे संगणकाच्या तारांवर चालणारं पहिलं प्रवासी जेट. वैमानिकाच्या बाजूला एक छोटी दांडी, आणि ठराविक मर्यादेपलीकडे विमान नेऊ न देणारी यंत्रणा. बोइंगने ७७७ मध्ये तारांची पद्धत स्वीकारली तरी समोरचं मोठं सुकाणू ठेवलं, दोन्ही वैमानिकांची सुकाणू एकत्र हलतील असं ठेवलं, आणि जोर लावला तर मर्यादा ओलांडता येईल अशी मुभाही. अखेरचा शब्द माणसाचा की यंत्राचा, हा प्रश्न पोरखेळ नव्हे. पण या प्रश्नाची भारतातली पहिली मोठी चर्चा कशी झाली ते आठवावं. १४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचं जवळजवळ कोरं ए३२० बंगळूरला उतरताना पडलं, १४६ पैकी ९२ जण गेले, आणि सरकारने ती सगळी विमानं महिनोन्‌महिने जमिनीवर ठेवली. ‘कॉम्प्युटरचं विमान’ हा शिक्का तेव्हाचा. चौकशीने बोट ठेवलं ते यंत्राच्या बिघाडावर नव्हे, इंजिनं मंद ठेवून उतरण्याच्या पद्धतीत विमान राहिल्याचं वैमानिकांच्या वेळेत लक्षात न येण्यावर. शिक्का मात्र राहिला, आणि पुढे तीच जातकुळी देशाच्या आकाशात सर्वाधिक दिसू लागल्यावर काहीही सिद्ध न होता पुसला गेला. ‘कॉम्प्युटरचं विमान’ म्हणून नाकं मुरडली गेली त्याच विमानाची इंडिगोने जून २०२३ मध्ये एका दमात ५०० ची मागणी नोंदवली. तोवर लोकांची आवड बदलली होती. विमानाची मूळ रचना तीच होती.

फरकांपेक्षा तट मोठा, याचं कारण मानसशास्त्रात शोधायचं तर हेन्री ताजफेलचे १९७० चे प्रयोग वाचावेत. ब्रिस्टॉलमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचे त्याने क्षुल्लक कारणावरून दोन गट पाडले; एका प्रयोगात क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांपैकी कोण आवडतो एवढंच निमित्त. मग मुलांना बक्षिसाचे पैसे इतरांत वाटायला दिले. स्वतःला काही देता येत नव्हतं. तरी मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, आणि ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की दोन गटांतलं अंतर वाढणार असेल तर आपल्या गटाला थोडं कमी मिळालेलंही त्यांनी चालवून घेतलं. विमानवेड्यांबाबत मी यात एक भर घालीन. ताजफेलच्या मुलांना गटासाठी काही शिकावं लागलं नाही. इथे मात्र बाजूसाठी डोळा घडवावा लागतो. ७३७ ची मुख्य चाकं पोटात गेल्यावरही झाकली जात नाहीत, खालून दोन काळी वर्तुळं दिसतात. शेपटीच्या मुळाशी त्याला एक तिरका खांदा असतो. ए३५० ला काळ्या चष्म्यासारख्या खिडक्या असतात. इतरांना जिथे नुसतं विमान दिसतं तिथे हे ओळखता येणं ही कमाई आहे, आणि ती वापरायला भांडणासारखी दुसरी जागा नाही. ज्याला वैमानिक होता आलं नाही, कारखान्यात शिरता आलं नाही, त्याला बाजू घेतली की या बंद धंद्यात उभं राहायला एक पायरी मिळते.

धंदा स्वतः मात्र असे तट मानत नाही. ए३२० निओ आणि ७३७ मॅक्स, दोघांनाही सीएफएम कंपनीचं लीप इंजिन बसतं, आणि ती कंपनी अमेरिकी जीई आणि फ्रेंच सॅफ्रन यांची भागीदारीतली. एअरबसची विमानं अमेरिकेत अलाबामातही जुळवली जातात. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने त्या ६८ विमानांच्या सौद्याची अट म्हणून एअर इंडियासाठी दुरुस्तीचा मोठा कारखाना बांधून दिला. त्याच मिहानमध्ये इंडामेर या दुरुस्ती कंपनीच्या हँगरमध्ये एअरबसची ए३२० जातीची विमानं उघडली जातात. आणि तिथल्याच टाटांच्या कारखान्यात बोइंग ७८७ मधल्या प्रवाशांच्या पायाखालच्या तुळया बनत आल्या आहेत, तर वडोदऱ्यात टाटाच एअरबसचं सी-२९५ बांधणार. दोन्हींच्या सांगाड्यावर वर्षानुवर्षं वापरला गेलेला ॲल्युमिनियमचा पत्रा एकाच प्रकारचा: चार टक्क्यांच्या आसपास तांबं, चिमूटभर मँगनीज. ही दोन्ही खनिजं बालाघाटच्या मलाजखंड आणि भरवेलीत निघतात. तिथलंच तांबं त्या विमानांत आहे असं मी म्हणत नाही, पण बाजू घेणाऱ्याच्या पायाखालच्या मातीला हा वाद ठाऊक नाही, एवढं म्हणायला हरकत नसावी. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची घोषणा केली, तीही २५० एअरबस आणि २२० बोइंग अशी. विकत घेणारा दोघांना झुंजवतो आणि दोघांकडून घेतो.

दुसरा आक्षेप, हे सगळं निरुपद्रवी आहे ना, मग चिकित्सा कशाला? पुष्कळ अंशी निरुपद्रवी आहे, उलट उपयोगीही आहे. विरुद्ध पक्षाचं उणं शोधण्याच्या हट्टापायी ही मंडळी चौकशी अहवाल वाचतात, जे एरवी कुणी वाचत नाही. ७३७ मॅक्सच्या २०१८ आणि २०१९ च्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली, आणि नाक खाली दाबणारी एमकॅस ही यंत्रणा काय होती हे सामान्य वाचकापर्यंत पोचायला अशा चिकाटीचा हातभार लागला. पण हीच चिकाटी १२ जून २०२५ नंतर आंधळी झाली. अहमदाबादला एअर इंडियाचं ७८७ पडलं, २६० जण गेले, आणि आग विझायच्या आत निवाडे सुरू झाले: एकाला बोइंगचा कारखाना दोषी हवा होता, दुसऱ्याला वैमानिक. महिन्याने आलेल्या प्राथमिक अहवालाने इंधनाचे खटके बंद स्थितीत गेल्याची नोंद केली, ते कसे आणि का यावर निष्कर्ष काढला नाही, आणि विमान वा इंजिन बनवणाऱ्यांना त्या टप्प्यावर कुठली शिफारसही केली नाही. हे तिन्ही भाग एकत्र वाचणारे थोडे. आपल्या कामाचा तेवढा उचलणारे दोन्हीकडे भरपूर. मृतांच्या बाबतीत असं वागणं मला अशोभनीय वाटतं, आणि हौसेची सबब इथे चालू नये.

माझं म्हणणं खरं की खोटं हे ठरवायची वेळ फार लांब नाही. चीनच्या सी९१९ ने मे २०२३ मध्ये प्रवासी न्यायला सुरुवात केली. इंजिन पुन्हा लीपच. भारतातल्या एकाही विमान कंपनीने ते घेतलेलं नाही, त्यामुळे इथे त्याचा पक्ष निघणार नाही, विमान कितीही चांगलं निघो. उलट ऑक्टोबर २०२५ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सने (एचएएल) रशियाच्या युनायटेड एअरक्राफ्ट कॉर्पोरेशनशी एसजे-१०० हे शंभरेक आसनांचं जेट भारतात बनवण्यासाठी करार केला आहे. ते खरोखर बनलं आणि लहान शहरांच्या मार्गांवर, अगदी बिरसीलाही येऊ लागलं, तर गोंदिया-बालाघाट पट्ट्यात त्याचा पक्ष वर्षभरात उभा राहील. आणि ज्या एटीआरकडे आज कुणी मान वर करून बघत नाही, त्याचे जुने निष्ठावंत त्याच आठवड्यात निघतील.