सुतारशाळेतलं आरमार

नोएल मॅकलिन हे मोटारगाड्यांच्या धंद्यातले गृहस्थ. ‘इनव्हिक्टा’ आणि ‘रेल्टन’ या इंग्लंडच्या वेगवान, महागड्या गाड्या त्यांनी बाजारात आणल्या. सरे परगण्यात कोबमजवळ फेअरमाइल नावाच्या भागात त्यांचं घर आणि कारखाना होता. दुसरं महायुद्ध उंबरठ्यावर आलं, तेव्हा ब्रिटिश किनाऱ्यावर गस्त घालायला छोट्या नौका पुरेशा नाहीत हे त्यांनी हेरलं. जहाज बांधणाऱ्या मोठ्या गोद्या विनाशिका आणि क्रूझर बांधण्यात गुंतणार हे उघड होतं. मग या नौका बांधायच्या कुणी? मॅकलिन यांचं उत्तर होतं : सुतारांनी.

नौकेचे भाग ठिकठिकाणच्या लहान कारखान्यांत कापायचे, संच बांधायचे आणि यॉट बांधणाऱ्या छोट्या गोद्यांकडे जोडणीसाठी पाठवायचे, अशी त्यांची योजना. आरमारी कचेरीला सुरुवातीला हे पटलं नाही, पण युद्ध सुरू झाल्यावर मागणी आली. मॅकलिन यांचा स्वतःचा आराखडा म्हणजे ‘ए’ नमुना. त्याच्या बाराच नौका निघाल्या. खरं नाव कमावलं ते आरमाराच्या आराखड्यावर बेतलेल्या ‘बी’ नमुन्याने. लांबी 112 फूट, वजन सुमारे 85 टन, वेग 20 नॉट. युद्ध संपेपर्यंत जगभरात अशा साडेसहाशेच्या आसपास नौका तयार झाल्या. कॅनडाने एकट्याने 80 नौका आपल्या आरमारात घेतल्या.

बांधणी पाहण्यासारखी होती. आडवे सांगाडे प्लायवूडचे. कपाटं-टेबलं बनवणारे कारखाने ते यंत्रावर कापून देत, म्हणून कुठल्याही नौकेचा अमुक क्रमांकाचा सांगाडा दुसऱ्या कुठल्याही नौकेत चपखल बसे. त्यावर महॉगनीच्या फळ्यांचे दोन तिरपे थर, एकाची तिरीप उजवीकडे तर दुसऱ्याची डावीकडे. डेकवर पोलादी पट्ट्या बसवलेल्या, आणि त्यांत आधीच आटे पाडून ठेवलेली भोकं. या भोकांची करामत मला सगळ्या नौकेत जास्त हुशारीची वाटते. पाणबुडीमागे जायचं असेल तर डेप्थ चार्ज बसवा, ते उतरवून टॉर्पेडोच्या नळ्या चढवा, नाहीतर सुरुंग. दोनएक दिवसांत नौकेचं काम बदलायचं. याच सांगाड्यावर सुरुंग काढणाऱ्या नौका झाल्या आणि समुद्रात पडलेल्या वैमानिकांना उचलणाऱ्याही झाल्या.

दुखणं होतं ते पोटात. अमेरिकन बनावटीची दोन हॉल-स्कॉट इंजिनं पेट्रोलवर चालत, आणि लाकडी पोटात दोन हजार गॅलनांहून जास्त पेट्रोल भरलेलं असे. वर चिलखत जवळजवळ नाहीच. गस्त घालताना हा धोका पत्करण्याजोगा होता. समोरासमोरच्या लढाईत मात्र तो जीवघेणा ठरला.

28 मार्च 1942 च्या पहाटे फ्रान्समधल्या सॅं-नझेर बंदरावर ब्रिटिशांनी छापा घातला. ‘कॅम्बेलटाउन’ ही जुनी विनाशिका स्फोटकं भरून तिथल्या प्रचंड कोरड्या गोदीच्या दारावर आदळवायची, असा बेत होता. तिच्यासोबत कमांडोंच्या मोहिमेवर निघालेल्या नौकांपैकी सोळा ‘बी’ नमुन्याच्या होत्या. लांबचा पल्ला म्हणून डेकवर पेट्रोलच्या जादा टाक्या चढवल्या होत्या. नदीच्या मुखात सर्चलाइट लागले, दोन्ही काठांवरून तोफा सुटल्या आणि एकामागून एक नौका पेटल्या. पाण्यावर पसरलेलं पेट्रोलही जळत होतं. सोळांपैकी तीनच नौका इंग्लंडच्या बंदरात परत लागल्या. ‘कॅम्बेलटाउन’ने मात्र काम फत्ते केलं, ती गोदी युद्ध संपेपर्यंत निकामी राहिली. छाप्यात 169 माणसं गेली.

परतीच्या वाटेवर या सोळांपैकी ‘एमएल 306’ या नौकेला ‘यागुआर’ या जर्मन युद्धनौकेने गाठलं. सार्जंट टॉमस डुरंट हा सैन्याच्या इंजिनिअर दलातला कमांडो. नौकेवरच्या लुइस मशीनगनवर तो उभा राहिला, आणि पुन्हा पुन्हा गोळ्या लागूनही त्याने ती सोडली नाही. त्यातच तो गेला. पुढे ‘यागुआर’च्या कप्तानाने कैदेतल्या ब्रिटिश कमांडो अधिकाऱ्याला गाठून या माणसाच्या शौर्याची नोंद व्हावी असं आवर्जून सांगितलं. 1945 साली डुरंटला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. समुद्रावरच्या झुंजीसाठी, शत्रूच्या साक्षीवरून, भूदलातल्या सैनिकाला!

आपल्याकडे या नौकांची कहाणी आराकानची. त्यांचे संच हिंदुस्थानातही आले आणि मुंबई-कलकत्त्यात त्यांची जोडणी झाली. रॉयल इंडियन नेव्हीच्या 55 आणि 56 क्रमांकाच्या तुकड्या ब्रह्मदेशच्या आराकान किनाऱ्यावर लढल्या. या आरमारात खलाशी म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमानांची भरती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. युद्धकाळात देशभरातून माणसं आली, तरी आराकानचा तो किनारा कोकणच्या माणसाला परका वाटावा असा नव्हता : भरती-ओहोटीच्या खाड्या, चिखल, तिवरांची दाटी. या खाड्यांना तिथे ‘चाउंग’ म्हणतात. रस्ते नाहीत, म्हणून जपानी रसद रात्री लहान होड्यांतून याच वाटांनी जाई. जेमतेम पाच फूट पाण्यात तरंगणाऱ्या या नौका फांद्यांनी झाकून काठाला लावायच्या, इंजिन बंद करायचं आणि वाट पाहायची. ओहोटीचा हिशेब चुकला तर चिखलात रुतायचं, तेही शत्रूच्या बंदुकीच्या टप्प्यात. जानेवारी 1945 मध्ये मेबोन आणि कांगाव इथे सैन्य उतरवलं गेलं, तेव्हा चाउंगमधल्या मोहिमेत याच लाकडी नौका वावरत होत्या.

युद्धानंतर बहुतेक नौका मातीमोल भावाने विकल्या गेल्या. कुणी त्यांत घर केलं, तर कुणी प्रवासी वाहतूक. ‘आरएमएल 497’ कित्येक वर्षं डेव्हन किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवत होती. पुढे ती हार्टलपूलच्या आरमारी संग्रहालयाकडे आली. इकडे 1947 मध्ये रॉयल इंडियन नेव्हीची वाटणी झाली. फ्रिगेट किती, सुरुंगकाढू जहाजं किती याच्या याद्या झाल्या. त्यांत भारताच्या वाट्याला या जातीची एकच नौका आली, ‘एमएल 420’.