झटके खाणारी कॅम्पर आणि हवेचा हिशेब

हायवेवर तासभर एकाच वेगाने सुरळीत चाललेली गाडी अचानक आचके देऊ लागते. एक्सिलरेटर दाबला तर पिकअप मिळण्याऐवजी इंजिन आणखीच गुदमरतं. पाय क्षणभर उचलून पुन्हा दाबला, की गाडी पूर्ववत पळू लागते. 1986 ते 1991 या काळातल्या, 2.1 लिटर इंजिनाच्या फोक्सवॅगन व्हॅनॅगन गाड्यांच्या अनेक अमेरिकी मालकांना हा अनुभव आला. आत झोपायची सोय, छोटी शेगडी आणि वर उचलता येणारं छप्पर अशी ही लाडकी कॅम्पर. तिचं हे दुखणं इतकं ठरावीक होतं, की त्याला ‘व्हॅनॅगन सिंड्रोम’ असं नावच पडलं.

गाडी झटके खाऊ लागली की पहिला संशय पेट्रोलवर जातो: पंप गेला, फिल्टर चोकअप झाला, टाकीत कचरा आला. संशय रास्त आहे. या गाडीची टाकी पुढे आणि इंजिन मागे, त्यामुळे पेट्रोलला जवळजवळ गाडीच्या लांबीइतका प्रवास करावा लागतो. टाकी आतून गंजली की तो गंज फिल्टरमध्ये साठत जातो. शहरात हळू चालवताना तेवढं पेट्रोल पुरतं, पण चढ लागला, मागणी वाढली की तुटवडा जाणवतो.

पण संशयावरून पंप बदलू नये, आधी दाब मोजावा. इंजिन आयडलवर असताना गेज साधारण 2 बार दाखवतो. प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढली, की काटा 2.5 बारवर जातो. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. आयडलला इंजिनाच्या इनटेकमध्ये व्हॅक्यूम असतो आणि तो इंजेक्टरमधून पेट्रोल जास्त ओढतो. रेग्युलेटर तेवढाच दाब कमी करतो, म्हणून इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंमधला फरक कायम राहतो. आचके बसत असतानाही दाब टिकून असेल, तर पंप आणि फिल्टर दोघेही निर्दोष.

मग दोष कुठे? बऱ्याचदा हवेच्या मोजणीत. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. किती हवा आत आली हे कळल्याशिवाय किती पेट्रोल सोडायचं हे कंट्रोल युनिटला ठरवता येत नाही. व्हॅनॅगनमध्ये ते काम एअर फ्लो मीटर करतो. आत येणाऱ्या हवेच्या जोराने एक झडप उघडते, झडपेला जोडलेली धातूची बारीक पट्टी कार्बनच्या काळ्या पट्ट्यावर सरकते आणि व्होल्टेज बदलतं. गाडी तासन्तास एकाच वेगाने चालली, की पट्टी त्याच जागी थरथरत घासत राहते. तिथला कार्बन झिजतो, सिग्नल डळमळतो आणि पेट्रोलचा हिशेब चुकतो. पाय उचलल्यावर गाडी सुधारते ती याचमुळे: झडप हलते, पट्टी कार्बनच्या चांगल्या भागावर जाते. कंपनीने यावर जो उपाय दिला, तो होता कपॅसिटर बसवलेल्या वायरिंगचा छोटा तुकडा. तो सिग्नलमधली थरथर शोषून घेतो. या इलाजात पेट्रोलच्या वाटेवरच्या एकाही भागाला हात लागत नाही! मला तो फार आवडतो, कारण त्यामागे लक्षणाचं नीट निरीक्षण आहे.

थंड इंजिन नीट आणि गरम झाल्यावर काळा धूर असेल, तर तापमानाचा सेन्सर मल्टिमीटरने तपासावा. 20 अंशांना त्याचा रोध अडीच हजार ओहमच्या आसपास असतो, 80 अंशांना तीनशेच्या. त्याची वायर तुटली, तर कंट्रोल युनिट इंजिन गोठलं आहे असं समजून पेट्रोल ओतत राहतं. एअर फ्लो मीटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी नळीला चीर गेली, तर उलट घडतं. न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होतं.

मिश्रण पातळ होण्याचं आणखी एक कारण आपल्याही पंपांवर आहे. महाराष्ट्रातले साखर कारखाने ज्याचा मोठा पुरवठा करतात, ते इथेनॉल आज पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत असतं. एक किलो इथेनॉलला सुमारे 9 किलोच हवा लागते. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त सोडावं लागतं. ऑक्सिजन सेन्सर असलेली इंजिनं हे काही प्रमाणात सांभाळून घेतात. जुन्या कार्बोरेटरला ते जमत नाही, म्हणून गाडी पिकअप घेताना अडखळू शकते.

इथेनॉल जुन्या रबरालाही सोसत नाही. पेट्रोलच्या नळ्या कडक होतात, त्यांना भेगा पडतात. व्हॅनॅगनसारख्या मागे इंजिन असलेल्या गाडीत ही गळती तापलेल्या इंजिनावर होते आणि चालवणाऱ्याला ती पुढे बसून कळतही नाही. अशा गाड्या जळाल्या आहेत. जुनी पेट्रोल गाडी घेतलीत, तर झटक्यांचं कारण शोधण्याआधी सगळे होज आणि क्लिप बदलून घ्या. इथेनॉल चालेल असेच होज मागा. आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर स्टार्टरला हातही लावू नका.