रानपाखरं : हंगाम कोंबडी ठरवते

आज चकोत्री या पाखरावर लिहायचं होतं, पण तिला सुट्टी. देवरुखच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि चकोत्री मागे पडली. त्यांचा भाचा पेनसिल्व्हेनियात असतो, तिथले शेजारी मे महिन्यात रानटर्कीच्या शिकारीला जातात. ‘ऐन विणीत शिकार? आपले जुने शिकारीसुद्धा विणीत बंदूक खुंटीला लावायचे!’ असा त्यांचा सवाल आहे.

टर्कीचा नर अनेक माद्यांशी जुळतो. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं त्याच्या गावी नाही. त्याच्या ओरडण्याला दोनदा भर येतो. थंडीतले थवे फुटतात तेव्हा एकदा, आणि माद्या अंड्यांवर बसल्या की पुन्हा. या दुसऱ्या खेपेला एकटा पडलेला नर शिकाऱ्याच्या खोट्या हाकेलाही ओ देतो. तिथलं वन्यजीव खातं हंगाम साधारण याच सुमाराला लावतं. माद्या घरट्यावर असतात, त्यामुळे सहसा चुकून मारल्या जात नाहीत. आणि नर गेला तरी अंडी फळलेलीच असतात. पेनसिल्व्हेनियात ही वसंतातली शिकार १९६८ साली सुरू झाली. उतावळ्या शिकाऱ्याला पहिला भर हवा असतो. माझ्या मते शहाणा हंगाम दुसराच.

आपल्याकडे नर तेवढा निवडून मारायची ही सोय नव्हती. हाकारा घातल्यावर करवंदीच्या जाळीतून भर्रकन उठलेलं पाखरू नर की मादी, हे बघायला सवड कुठली? म्हणून विणीचे महिनेच बंद ठेवणं बरं. १९१२च्या कायद्याने असा बंद काळ ठरवायची मुभा प्रांतांना दिली. १९७२च्या वन्यजीव कायद्यातही छोट्या शिकारीचे परवाने होतेच. १९९१च्या दुरुस्तीने तो दरवाजा बंद झाला.

तेव्हा आपला हंगाम कानांचा. रानकोंबडा ऐकायचा तर थंडी सरताना, उजाडायच्या आत आंबा घाटाखाली साखरप्याच्या बाजूला जाऊन बसावं. त्याची बांग गावठी कोंबड्यापेक्षा तुटक असते आणि शेवटी एकदम आखडते. पावसाळ्यात जाऊ नका. तेव्हा तो मानेवरची ठिपकेदार पिसं झाडून काळपट, ओशाळवाणा होतो आणि फारसा आरवतही नाही. (याच पिसांचे नकली किडे बांधून विलायतेतले शौकीन सामन मासा गळाला लावायचे. त्यापायी किती कोंबडे गेले असतील!)

पण बांगेचा भर आणि आपली शेतातली भाजावळ एकाच वेळी येतात, आणि खरी शिकार तिथे होते. कोंबडी जमिनीवरच, झुडपाच्या बुडाशी पाचोळ्यात चार ते सात अंडी घालते आणि तीन आठवडे दबून बसते. भाजावळीची आग बांध ओलांडून रानात शिरली की तिला उठावंच लागतं. अंडी किंवा घरटं नष्ट करणं हीसुद्धा कायद्याने शिकारच आहे, परवाना नसलेली.

यंदा भाजायच्या आधी कडेने जाळरेषा काढा, वारा पडल्यावरच काडी लावा, आणि पायाखालून कोंबडी उठली तर तेवढा कोपरा तसाच सोडा. चकोत्री पुढच्या आठवड्यात, नक्की.