हृदयाला विश्रांती मिळते का?

परीक्षा जवळ आली की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत घरातला दिवा जळत राहतो. "आता जरा पड," असे आई सांगते. पण पडून राहणे म्हणजे वेळ वाया घालवणे, असे आपल्याला वाटते. मित्रांनो, तुम्हालाही तसे वाटत असेल, तर एका प्रश्नाचे उत्तर द्या. शरीरातला कोणता अवयव जन्मभर एकही सुट्टी न घेता काम करतो? "हृदय!" असे तुम्ही लगेच म्हणाल. उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच.

स्वस्थ बसलेल्या माणसाच्या हृदयाचे मिनिटाला ७५ ठोके पडतात असे धरू. म्हणजे एका ठोक्याला ०.८ सेकंद लागतो. त्यापैकी हृदयाचे खालचे दोन कप्पे, म्हणजे जवनिका, सुमारे ०.३ सेकंद आकुंचन पावतात आणि उरलेला ०.५ सेकंद सैल असतात. आता त्रैराशिक मांडा. २४ तासांत जवनिकांचे काम ९ तास आणि विश्रांती १५ तास! फक्त ही विश्रांती त्या एकदम न घेता हप्त्याहप्त्याने घेतात.

हा अर्धा सेकंद फुकट जातो का? मुळीच नाही. याच वेळात जवनिका रक्ताने भरतात. शिवाय हृदयाच्या स्नायूलाही रक्त लागतेच. स्नायू आकुंचन पावताना त्याच्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. म्हणून डाव्या जवनिकेच्या स्नायूला बहुतेक रक्त मिळते ते ती सैल पडल्यावरच. म्हणजे हृदय जेवते ते विश्रांतीत!

आता एक प्रयोग करा. मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, दोन बोटे ठेवून मिनिटाचे ठोके मोजा. मग दोनदा जिना चढून-उतरून पुन्हा मोजा. समजा, ते १५० झाले. आता एका ठोक्याच्या वाट्याला ०.४ सेकंदच आला. आकुंचनाचा वेळ थोडासाच घटतो. काटछाट होते ती मुख्यतः विश्रांतीत. कबड्डी खेळताना हे योग्यच आहे. पण खेळ संपल्यावर वेग उतरायलाच हवा.

तो उतरवतो कोण? मेंदूकडून हृदयाकडे येणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू. हृदयाला मोकळे सोडले, तर मिनिटाला सुमारे १०० ठोके पडतील. व्हेगसचा लगाम सतत असतो, म्हणून ते सत्तर-पंचाहत्तरवर राहतात. स्वस्थ बसून सावकाश, लांब श्वास सोडा आणि नाडी पाहा. श्वास सोडताना ठोके किंचित मंदावल्याचे बहुतेकांना जाणवेल. त्या वेळी व्हेगसचा लगाम अधिक घट्ट होतो.

१९२१ साली ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकाच्या हृदयाचा व्हेगस उत्तेजित केला. हृदय मंदावले. त्याच्याभोवतीचा द्रव त्याने दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावले! मज्जातंतू रासायनिक द्रव्याच्या द्वारे संदेश देतात, हे यावरून कळले. १९३६ मध्ये लोवीला नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी की, या प्रयोगाची कल्पना आपल्याला रात्री झोपेत सुचली, असे त्याने स्वतःच सांगितले आहे.

झोपेत मेंदू रिकामा बसत नाही, हे आता प्रयोगांनीही दिसून आले आहे. १९२४ साली जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरसमूह पाठ करायला दिले. पाठांतरानंतर ते जागे राहिले, तेव्हा बरेच विसरले. झोपले, तेव्हा त्यांच्या अधिक लक्षात राहिले. गाढ झोपेत मेंदूचा हिप्पोकॅम्पस हा भाग दिवसभरातल्या अनुभवांची जणू उजळणी करतो आणि त्यामुळे स्मृती पक्क्या होतात, असे संशोधक मानतात.

म्हणजे रात्री दोनपर्यंत जागून वाचलेला धडा पक्का व्हायला जो वेळ हवा, तोच आपण कापून टाकतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना रोज ८ ते १० तास झोप हवी असते. तेव्हा अभ्यासाचे वेळापत्रक आखताना झोपेचे तास आधी लिहा, मग गणित आणि भूगोल. मध्ये दहा मिनिटे पुस्तक मिटून स्वस्थ बसलात, तर अपराधी वाटून घेऊ नका. तुमचे हृदय प्रत्येक ठोक्याला तेच करत असते.