आई-वडिलांसाठी मदत कुठे शोधावी?

भारतातून आई-वडील कायमचे इकडे आले, की पहिला प्रश्न विम्याचा. ग्रीन कार्डवर आलेल्या, इथे कधी नोकरी न केलेल्या पासष्टीच्या व्यक्तीला साधारणपणे सलग ५ वर्षे राहिल्यावरच हप्ते भरून मेडिकेअर घेता येते. दुसरा प्रश्न मात्र राहूनच जातो: आपण दोघेही कामावर गेल्यावर त्यांचा दिवस कसा जायचा? डॉक्टरकडे कोण नेणार?

यासाठी 'एरिया एजन्सी ऑन एजिंग' या संस्था आहेत. १९६५ च्या ओल्डर अमेरिकन्स अॅक्टखाली त्यांच्यामार्फत ६० वर्षांवरील व्यक्तींना जेवण, ने-आण अशा सेवा मिळतात. त्यांना उत्पन्नाची अट नाही. आपल्या भागातली संस्था शोधण्यासाठी 'एल्डरकेअर लोकेटर' ही केंद्र सरकारची सूची आहे. संगणकावर झिप कोड घाला किंवा १-८००-६७७-१११६ वर फोन करा. घरभाडे, वीजबिल, मुलांची सोय अशा अडचणींसाठी बहुतेक ठिकाणी २-१-१ हा क्रमांक चालतो.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून एक युक्ती सांगतो. सूचीत आजाराचे नाव घालू नका, सेवेचे घाला; 'पार्किन्सन्स'ऐवजी 'ट्रान्सपोर्टेशन'. नोंदी जुन्या झालेल्या असू शकतात. म्हणून जाण्यापूर्वी फोन करून वयाची अट, खर्च आणि प्रतीक्षायादी विचारून घ्या. शाकाहारी जेवणाचेही विचारा.

माझी आई आता आठवड्यातून दोन दिवस ज्येष्ठांच्या केंद्रात जाते. तिथे तिला गुजराती मैत्रिणी मिळाल्या आहेत. संकोच करू नका. या सेवांना आपल्याही करांचा हातभार असतो.